मावशीचा कान आणि ठिपकीची अंडी

मावशीनं अंडं कानाला लावलं की बघणाऱ्या बायका श्वास रोखून उभ्या राहायच्या. तुम्हाला वाटेल वाढवून सांगतोय, पण अगदी तसंच व्हायचं. गल्लीत कुणाची कोंबडी खुडूक बसली, उबवणीचे दिवस भरत आले, आणि पिल्लं निघण्याचं काही लक्षण दिसेना, की त्या घरची बाई टोपलीत फडकं घालून अंडी घेऊन मावशीच्या परसदारी हजर. मावशी ओले हात पुसायची, एकेक अंडं उचलून कानाशी धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "आहे." "हेही आहे." "हे गेलं." गेलं म्हणाली ते भिंतीपलीकडच्या खड्ड्यात, आहे म्हणाली ते परत कोंबडीखाली. त्यावर दाद मागायची सोय नव्हती, आणि कधी कुणाला गरजही पडली नव्हती.

ती तशी कुणाचीच मावशी नव्हती. बहीण नाही, भाची नाही, पोटी मूल नाही. पण सगळ्या गल्लीनं तिला मावशी करून टाकलं होतं, आणि एकदा गल्लीनं नातं चिकटवलं की ते सुटत नाही.

तिच्या नवऱ्याला सगळे घड्याळजी म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागच्या परसात तिच्या कोंबड्या, आणि मधे स्वयंपाकघर. पुढे टिकटिक, मागे कुटकुट. घड्याळजींचा उभा जन्म त्या पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून गेला. परसात ते जायचे ते हात धुण्यापुरते, तेही नाक मुरडून. बंद घड्याळ हातात आलं की ते आधी कानाला लावायचे, मगच झाकण उघडायचे. ती त्यांची सवयच होती. एक बहिरे मास्तर त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक होते. ते दुरुस्त झालेलं घड्याळ दातांत धरायचे, ठोका दातांना जाणवला की खुशीनं मान हलवायचे, "चालतंय बरं का." मास्तर गेले की घड्याळजी ते दातांतलं घड्याळ आठवून हसायचे, पण त्यांनी कधी मास्तरांची थट्टा केली नाही.

नवराबायकोचं भांडणही ठरलेलं होतं. घड्याळजी म्हणायचे, तुझी ही जनावरं वेळकाळ न बघता ओरडतात. मावशी म्हणायची, तुमची घड्याळं बंद पडतात म्हणून दुकान चालतं, माझ्या कोंबड्या बंद पडल्या तर सकाळी ताटलीत काय वाढू? यावर घड्याळजी समोरचं सकाळचं अंडं सोलायला घ्यायचे.

पण तिचं काम बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं होतं, हे मी शपथेवर सांगतो. टोपलीतलं कुठलंही अंडं दाखवा, कुणाचं ते ती सांगायची. हे टोकदार, लालसर, ते मास्तरणीचं. हे खरबरीत सालीचं, ते म्हातारीचं, तिला शिंपल्यांचा चुरा जास्त घालायला हवा. मास्तरीण म्हणजे पंख पाठीशी बांधून शाळेतल्यासारखी फेऱ्या मारणारी एक तपकिरी कोंबडी. कोंबडे वाढून माजायला लागले, आपसांत रक्त काढायला लागले, की त्यांतला एक ती स्वतः उचलायची. खाटकाला कधी बोलावलं नाही. काखेत घेऊन त्याला थोपटायची, त्याच्याशी काहीतरी बोलायची, तो शांत झाला की भिंतीआड न्यायची, आणि आवाज म्हणून यायचा नाही. "वाढवलं मी, तर मारणारही मीच. परक्याच्या हाती घाबरून का मरावं त्यानं?" एवढंच म्हणायची. त्या दिवशी जेवताना घड्याळजी दोनदा वाढून घ्यायचे, आणि ती बहुतेक वेळा नुसतं वरचं पातळ घ्यायची.

अशा या परसात एका वर्षी रोग शिरला. आधी मास्तरणीनं मान वाकडी केली. मग दोन तरण्या कोंबड्या झापडल्यासारख्या भिंतीला टेकून बसल्या. गुरांचा डॉक्टर आला, त्यानं बघितलं आणि मान हलवली. औषध नाही म्हणाला. मावशी दिवसभर खुराड्यात, एकीच्या तोंडात थेंबाथेंबानं पाणी घाल, दुसरीच्या अंगाखालचं भूस बदल, आणि रोज एकदोघींना खड्ड्यात ठेवून ये. आठवडाभरात परस रिकामं झालं. सकाळी कोंबडा आरवला नाही तेव्हा घड्याळजींना पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं त्याच्याच आवाजावर उठत होतो.

वाचली ती एकटी ठिपकी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली, महाखडूस. रोग यायच्या आधीच ती खुडूक बसली होती, म्हणून मावशीनं तिला घरातल्या अडगळीच्या खोलीत टोपलीत बसवलं होतं. तिच्या पोटाखालची अंडी परसातल्याच कोंबड्यांची, मास्तरणीची, म्हातारीची. मावशीच्या आईच्या अंगणापासून चालत आलेलं ते सगळं वाण आता त्या एका टोपलीत उरलं होतं.

डॉक्टर जाताना बजावून गेला. ज्या हातांनी रोगट पाखरं हाताळली, ते हात या कोंबडीजवळ फिरकता कामा नयेत. कपडे नाहीत, चपला नाहीत, काही नाही. मावशी ऐकत होती आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तो गेल्यावर ती घड्याळजींकडे वळली.

"आता तुम्हीच," ती म्हणाली. "ही अंडी गेली तर मी पुन्हा कोंबडी पाळणार नाही. खुराडं सुताराला देऊन टाकीन."

ज्यानं जन्मात कोंबडीला हात लावला नाही, त्याच्या गळ्यात ही जबाबदारी. पण करतात काय. पहिल्या दिवशी दाण्याची वाटी पुढे केली तर ठिपकीनं मनगटाचं सालपट काढलं. दुसऱ्या दिवशी ते थंडीतले हातमोजे घालून गेले. मग हळूहळू त्यांना तिची रीत कळली. दिवसातून एकदा ती आपण होऊन उठते, खाते, पाणी पिते, पंख झाडते, खोलीमागच्या बोळातल्या मातीत लोळून येते आणि घाईघाईनं परत बसते. बसण्याआधी चोचीनं एकेक अंडं उलटवते, कडेचं मधे घेते, मधलं कडेला सारते. कुणी शिकवलं हिला? घड्याळजी दाराशी स्टुलावर बसून बघत राहायचे. दुकानात गिऱ्हाइकं हाका मारून परत जायची.

एकदा ठिपकी उठली असताना त्यांनी दुकानातला बारका विजेरीचा दिवा आणला, डोळ्याला भिंग लावलं आणि एक अंडं उजेडासमोर धरलं. आत लाल धाग्यांचं जाळं होतं, केसाहून बारीक. आणि त्या जाळ्याच्या मधोमध एक ठिपका. तो हलत होता. थांबत नव्हता, चुकत नव्हता, नुसता ठोके देत होता. घड्याळजींनी आपल्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी आजवर कसल्या कसल्या घड्याळांना जीव दिला होता, पण त्या प्रत्येकाला कुणीतरी चावी दिलेली होती. याला कुणी दिली? त्यांना एकदम वाटलं की आपण कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरलोय. त्यांनी अंडं जागच्या जागी ठेवलं आणि बाहेर येऊन कितीतरी वेळ नळाखाली उगाच हात धूत उभे राहिले.

मावशीला हे सांगावं म्हणून ते परसात गेले. ती पाठमोरी बसून खुराड्याच्या फळ्या उकळत्या पाण्यानं घासत होती. त्यांनी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. आताशा तिचं असंच चाललं होतं. पुढच्या खोलीतून चहा मागितला तर येत नसे. शेजारणी कुंपणापलीकडून काही विचारत, ती नुसती हसून आत जाई. एकेकाळी जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, ती आता दिवसभर चकार शब्द काढत नव्हती. कोंबड्यांचं दुःख आहे, घड्याळजींनी मनाशी म्हटलं, ओसरेल हळूहळू.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली. दुकानदाराची सवय हो! खोलीतून बाहेर पडलं की मागे दार ओढायचं, कडी घालायची, ओढून बघायची. ठिपकी पंख झाडायला बोळात गेली होती, आणि घड्याळजींनी बोळाकडचं दार ओढलं, कडी घातली, ओढून बघितली आणि दुकानात जाऊन बसले. एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळात असे गुंतले की जेवायची वेळ टळून गेली. परत आले तर ठिपकी दारावर चोची मारून अर्धमेली झालेली. आत अंडी गार. हातात घेतली तर नदीतल्या गोट्यांसारखी गार.

ठिपकी झेपावून बसली खरी. पण घड्याळजींना तोंड दाखवायला जागा उरली नाही. लपवणं जमणार नव्हतं. ते तसेच परसात गेले. मावशी भांडी घासत होती, पाठ त्यांच्याकडे. दारात उभं राहून त्यांनी खाली मान घालून सगळं एका दमात सांगून टाकलं, दार कसं ओढलं, किती वेळ गेला, अंडी कशी गार पडली. सांगून झालं. मावशीनं वळूनही बघितलं नाही. भांडं घासत राहिली. मग दुसरं घेतलं.

घड्याळजी आल्या पावली मागे फिरले. लग्नानंतर तिनं त्यांच्यावर कितीदा राग काढला होता, आदळआपट केली होती, एकदा तर दुरुस्तीला आलेलं घड्याळच पाण्याच्या पिंपात टाकलं होतं. पण असा राग त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून दोघं जेवायला समोरासमोर बसत आणि बोलत नसत. हे म्हणत ती माफ करत नाही, आणि तिच्या मनात काय होतं ते तिलाच माहीत.

दिवस भरले. पिल्लं निघाली नाहीत. आणखी एक दिवस गेला. ठिपकी हाडकुळी झाली होती, तिचा तुरा फिका पडला होता, तरी उठत नव्हती. डॉक्टरनं आता हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मावशी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून त्या खोलीत आली. इतक्या दिवसांनी ठिपकीच्या पाठीवरून तिनं हात फिरवला आणि तिच्या पोटाखालून पहिलं अंडं काढलं. कानाला लावलं. डोळे मिटले.

घड्याळजी दाराला धरून उभे होते.

"गेलं," ती म्हणाली.

दुसरं. गेलं. तिसरं. गेलं. शेवटचं अंडं तिनं फार वेळ कानाशी धरलं, एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावलं, पुन्हा पहिल्याला लावलं. मग ते टोपलीत ठेवलं.

"पुरून टाका. आणि सुताराला निरोप द्या."

आवाजात राग नव्हता. राग असता तर घड्याळजींना सोसला असता. टोपली उचलून, ठिपकीचा आकांत मागे टाकून ते भिंतीपलीकडे गेले. खड्ड्याच्या कडेला बसले. आपल्या हातून मेली, आपण दाराला कडी घातली, हेच डोक्यात. पहिलं अंडं उचललं, खड्ड्यात ठेवायला हात खाली नेला. पण या माणसानं आयुष्यात कानाला लावल्याशिवाय एकही घड्याळ मोडीत काढलं नव्हतं. हात आपोआप वर आला.

टक. टक टक. आणि मग, खूप आतून, एक बारीकसा आवाज. चिव.

घड्याळजींनी ते अलगद टोपलीत परत ठेवलं. दुसरं अंडं घेतलं. त्यातही. तिसऱ्यात तर आतला जीव भांडायलाच उठला होता. भिंतीसारख्या सालीच्या आड कुणीतरी होतं, आणि ते बाहेरच्याला हाक मारत होतं. डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते त्यांना कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

आणि त्याच पाण्यात सगळं लख्ख दिसलं. न आलेला चहा. शेजारणींकडे बघून नुसतं हसणं. डॉक्टरच्या तोंडाकडे लावलेली टक. भांडी घासणारी ती पाठ. ती रागावली नव्हती. तिनं ऐकलंच नव्हतं.

टोपली छातीशी धरून घड्याळजी पळत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी. अंडी ठिपकीखाली सारली. ती बसली आणि घशातल्या घशात काही बोलली, आणि तिच्या पोटाखालून उत्तर आलं. ते तिथेच भिंतीला टेकले. आता हिला सांगायचं कसं? गप्प बसलो तर उद्या पिल्लं आपोआप निघतील, ती म्हणेल एकदा चुकला माझा कान. पण परवा कुणी टोपली घेऊन येईल, आणि ही पुन्हा डोळे मिटून म्हणेल, गेलं. या माणसाला खोटी वेळ दाखवणारं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देववत नसे. त्यांनी एक अंडं फडक्यात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात गेले.

मावशी खिडकीशी बसली होती. त्यांनी तिच्यासमोर बसून अंडं पुढे केलं. तिनं हात झटकला, पुरून टाका म्हटलं ना. त्यांनी तिची हनुवटी धरली, जशी उभ्या आयुष्यात धरली नव्हती, तिचं तोंड किंचित उघडलं आणि अंड्याची बोथट बाजू अलगद तिच्या दातांना टेकवली. बहिऱ्या मास्तरांचं ऋण फेडलं म्हणा.

ती त्यांना ढकलणार होती. ढकलता ढकलता थांबली. डोळे मोठे झाले. दोन्ही हात वर आले आणि त्यांच्या हातांवरून अंड्याला धरून राहिले.

"ठोठावतंय," ती म्हणाली. दातांना अंडं लावलेलं तसंच ठेवून, बोबड्या बोलात.

मग अंडं मांडीवर घेऊन ती रडली. कान कधीपासून गेला होता, हे तिलाही नीट सांगता येईना. आधी कुकरची शिट्टी गेली, मग शेजारणी, मग कोंबड्या. अंडी मात्र ऐकू येतात असंच तिला वाटत राहिलं. ज्या कानावर गल्ली चालते, तो गेला म्हणून कुणाला सांगायचं? घड्याळजी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले की दाराला कडी मी घातली होती, ठिपकी बाहेर राहिली होती, म्हणून दिवस लांबले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. मग एकदम तिचा चेहरा उतरला.

"बेकरीवालीची अंडी," ती म्हणाली.

रोग यायच्या थोडं आधी बेकरीवाल्याची बायको टोपली घेऊन आली होती. तिची पहिलीच कोंबडी, पहिलंच बसणं. मावशीनं सगळी अंडी कानाला लावून सगळी गेली म्हणून सांगितलं होतं, आणि ती बिचारी मुकाट्यानं खड्ड्यात ठेवून गेली होती. मेलेलीच असतील कदाचित, घड्याळजी म्हणाले. "आता कोण सांगणार?" मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंड्यांना तडे गेले. मावशी आणि घड्याळजी टोपलीशेजारी फरशीवर बसून होते. दुकान बंद. ठिपकी हळू आवाजात बोलत होती, एकेका अंड्यातून तिला ओ येत होती, आणि घड्याळजी ते आवाज ऐकून बोटांनी मावशीच्या तळहातावर ठोके देत होते, म्हणजे तिला कळावं कोण किती नेट लावतंय. साल फुटून पहिलं ओलंचिंब डोकं बाहेर आलं तेव्हा मावशीनं हात जोडले. कोंबड्या कापणारी, पुरणारी, वाढवणारी ही बाई, तिनं असली पिल्लं किती पाहिली असतील. तरी हात जोडले, आणि तिच्या शेजारी घड्याळजींनीही जोडले.

पिल्लं वाळून गोंडस झाली, दाणे टिपायला लागली, जरा दांडगी झाली. तेव्हा एका सकाळी मावशीनं त्यांतली सगळ्यात चलाख निवडली. वाण राखायला म्हणून जी आपण काढतो ना, तीच. फडक्याच्या टोपलीत घातली आणि बेकरीकडे निघाली. घड्याळजी म्हणाले मी येतो बरोबर, बोलायला लागेल. ती नको म्हणाली. चूक माझ्या कानाची, सांगायचं मीच.

घड्याळजी दुकानाच्या दारात उभे राहून वाट बघत होते. बराच वेळ गेला. मग ती कोपऱ्यावरून येताना दिसली. टोपली रिकामी होती. ती जवळ आल्यावर त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, काय म्हणाली ती?

"पुष्कळ काही बोलली," मावशी म्हणाली. "मला एक अक्षर कळलं नाही. पण पिल्लं ठेवून घेतली. आणि एकेकाला उचलून आधी कानाला लावत होती, वेडी."